स्वयंसेवक का टिकतात : लहान संस्थांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीकडच्या कराड आणि वाळवा तालुक्यांच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचे, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांचे, तळ पडतात. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून, तसेच आपल्याच माण आणि जत तालुक्यांतून आलेली कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तिथे राहतात, आणि गावाकडची शाळा अर्ध्यावर सोडून आलेली त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर असतात. या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका लहान गटात मी बरीच वर्षे स्वयंसेवकांची जुळणी पाहते आहे. वर्गासाठी जागा मिळवणे, पाट्या-पुस्तके गोळा करणे, मुकादमाला राजी करणे ही कामे अवघड असली तरी ती एकदा मार्गी लागली की लागतात. दिवाळीनंतर उत्साहाने आलेली माणसे संक्रांतीपर्यंत निम्म्यावर येणे, ही अडचण मात्र आमच्यापुढे हंगामामागून हंगाम उभी राहत आली.

या अडचणीचे खरे कारण मला एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांमुळे कळले. ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलवरून गणित शिकवायला येत. एका मंगळवारी समाजमंदिराच्या खोलीची चावी ज्या मुलाकडे होती तो परगावी गेला होता. गुरुजी पाऊण तास ओट्यावर बसून राहिले, मुले थोडा वेळ रेंगाळून कोप्यांकडे परतली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घडले. तिसऱ्या आठवड्यात गुरुजी आले नाहीत, आणि ते आले नाहीत हे आमच्या ध्यानात यायला बारा दिवस लागले. मी फोन केला तेव्हा ते कोणताही राग न दाखवता म्हणाले, "ताई, माझी गरज असेल तेव्हा कळवा."

त्या वाक्यावर मी फार दिवस विचार केला. गुरुजींना काम पटत होते, मुलांचा लळा लागला होता, वेळही होता. आपण गेलो काय आणि न गेलो काय, तिथे कोणाचे अडत नाही, एवढेच त्यांना आमच्या वागण्यातून दिसले होते. माझा अनुभव असा आहे की स्वयंसेवक ध्येय पटेनासे झाले म्हणून क्वचितच जातो. आपली जागा इथे ठरलेली नाही असे वाटू लागले की जातो. म्हणून पुढे दिलेल्या सर्व पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : आलेल्या प्रत्येक माणसाला एक नेमकी जागा द्यावी, आणि ती रिकामी राहिली तर त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात यावी.

पहिली पायरी : गळती वहीत मांडा

नवे स्वयंसेवक शोधण्याआधी गेल्या दोन वर्षांत आलेल्या सर्वांची यादी एका आडव्या वहीत करावी. नाव, पहिला दिवस, शेवटचा दिवस, दिलेले काम, कोणाच्या ओळखीने आले आणि शेवटचे बोलणे कोणाशी झाले, असे सहा रकाने पुरेसे आहेत. शेवटचा रकाना भरताना बहुतेक संस्था अडखळतात, आणि ते अडखळणेच पुष्कळ सांगून जाते.

यादी झाली की माणसे कोणत्या टप्प्यावर गेली ते पाहावे. पहिल्या एक-दोन भेटींनंतर जाणाऱ्यांना सहसा काम काय आहे हेच नीट सांगितलेले नसते किंवा त्यांचे स्वागत झालेले नसते. दीड-दोन महिन्यांनी जाणाऱ्यांना काम कळलेले असते, पण त्यातून काय साधते आहे ते दिसत नसते, किंवा गटात त्यांचे कोणी झालेले नसते. वर्ष-दोन वर्षांनी जाणारे अनेकदा थकलेले असतात, कारण जो काम करतो त्याच्याच पदरात आणखी काम टाकण्याची आपल्याला सवय असते. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे ही वही भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर गेलेल्यांपैकी सात-आठ जणांना फोन करावा. फोन अध्यक्षांनी किंवा संस्थापकांनी करू नये, कारण त्यांच्याशी बोलताना माणूस संकोचतो. बरोबरीच्या सहकाऱ्याने करावा. "का सोडलेत?" असे विचारले तर आपल्याकडे एकच उत्तर येते, "वेळच मिळत नाही हो." ते खोटे नसते, पण समोरच्याचे मन राखण्यासाठी दिलेले असते. त्याऐवजी, "यावेसे वाटले नाही असा पहिला दिवस कोणता आठवतो, आणि त्या दिवशी काय झाले होते?" असे विचारावे. मग माणूस प्रसंग सांगतो आणि त्यातून कारण कळते. ऐकताना संस्थेची बाजू मांडायचा मोह होतो, तो आवरावा. उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवावे.

दुसरी पायरी : कामाची चिठ्ठी

"या, तुमच्यासारख्यांची फार गरज आहे, काम पुष्कळ आहे," हे वाक्य ऐकून माणूस येतो आणि त्याच वाक्यामुळे जातो. पुष्कळ काम म्हणजे नेमके कोणते, ते कधी संपणार, आणि ते झाले की नाही हे कसे कळणार, यांपैकी काहीच त्यात नसते. आम्ही आता प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करतो आणि माणूस येण्याआधी ती त्याच्या हातात देतो. एक नमुना देते :

"काम : तिसरी-चौथीच्या सहा मुलांबरोबर मराठी वाचन. दिवस : बुधवार, संध्याकाळी ६ ते ७.१५. मुदत : १५ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी. जागा : तळाशेजारचे समाजमंदिर. जोडीदार : एक जुने स्वयंसेवक, फोन मागील बाजूस. साहित्य : कपाटातील निळी पेटी. काम झाले असे केव्हा म्हणायचे : प्रत्येक मुलाने जोडाक्षरे असलेला एक परिच्छेद न अडखळता वाचला म्हणजे. अडचण आल्यास : आधी जोडीदार, मग जुळणी पाहणाऱ्या ताई. ३१ जानेवारीनंतर : थांबायचे की पुढे चालू ठेवायचे हे तुम्ही ठरवाल, थांबलात तरी आमचा स्नेह राहील."

यातील मुदतीच्या ओळीला अनेक संस्था घाबरतात. शेवटची तारीख सांगितली तर माणूस त्या तारखेला निघून जाईल, अशी ती भीती असते. माझा अनुभव उलट आहे. ज्याला दार उघडे दिसते तो शांतपणे बसतो. ज्याला बाहेर पडण्याची वाट दिसत नाही तो पहिल्याच अडचणीला फोन उचलणे बंद करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची गावागावांतील जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तिच्यासाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत सातारा जिल्ह्यातला आपला कोरेगाव होता, आणि त्याच तालुक्यातील वेळू गाव त्या वर्षी पहिले आले. भर उन्हात लोक रोज श्रमदानाला का जात होते, याची कारणे अनेक आहेत. पण त्यांतील एक आखणीत होते. कामाला सुरुवातीची आणि शेवटची तारीख होती, काय खोदायचे ते आखून दिलेले होते, आणि संध्याकाळी परतताना आज किती झाले ते डोळ्यांना दिसत होते. आपले काम चर खोदण्याइतके मोजता येण्याजोगे नसेल, तरी आठवड्याला दिसेल अशी एखादी खूण प्रत्येक कामात शोधता येते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या जिल्ह्याला त्यागाची परंपरा फार मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे नकळत असे होते की आठवड्याला सव्वा तास देणाऱ्या माणसाकडे आपण 'एवढेच का?' अशा नजरेने पाहतो. परंतु त्याच रयतेच्या कामाला घराघरातून निघणाऱ्या मूठभर धान्याचाही आधार होता, आणि मूठ देणाऱ्या बाईकडे कोणी पोते मागितले नाही. सव्वा तास ही मूठ आहे, हे ज्या संस्थेला कळते तिच्याकडे माणसे राहतात.

तिसरी पायरी : पहिला महिना

माझ्या मते स्वयंसेवक राहणार की नाही याचा बराचसा निकाल पहिल्या चार आठवड्यांत लागतो, म्हणून या पायरीवर सर्वाधिक वेळ खर्च करावा.

पहिल्या दिवशी नव्या माणसाला जागा शोधत यावे लागू नये. कोणीतरी एसटी थांब्यावर किंवा कारखान्याच्या फाटकाजवळ उभे असावे. संस्थेचा इतिहास, उद्दिष्टे आणि मान्यवरांची नावे त्या दिवशी सांगू नयेत. खोली कोणती, पाणी कुठे मिळते, स्वच्छतागृह कोणाच्या घरी वापरता येते (नव्या मुली हे विचारायला संकोचतात आणि याच एका कारणावरून दुसऱ्यांदा येत नाहीत), दिवे गेले तर काय करायचे, हे सांगावे. मग लगेच एक लहानसे खरे काम द्यावे. आम्ही नव्या माणसाला पहिल्या संध्याकाळी चार मुलांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांना आवडणारी एक गोष्ट विचारून वहीत लिहायला सांगतो. दुसऱ्या भेटीत तो मुलांना नावाने हाक मारतो आणि मुले धावत येतात. तो क्षण आपल्याला कोणत्याही भाषणाने निर्माण करता येणार नाही.

त्या रात्री जोडीदाराने एक निरोप पाठवावा, आणि त्यात नुसते आभार नसावेत. "आज तुम्ही त्या मागे बसणाऱ्या मुलीला पाटी दिलीत, ती महिनाभरात पहिल्यांदा काही लिहून गेली," असे काहीतरी पाहिलेले त्यात असावे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस फोन करावा आणि कामाऐवजी येण्याजाण्याविषयी विचारावे, कारण सुरुवातीच्या अडचणी बहुधा रस्ता, अंधार, घरचे आणि वेळ यांच्या असतात. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस चहाबरोबर पंधरा मिनिटे बसावे आणि दोनच प्रश्न विचारावेत : चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे काम होते आहे का, आणि त्यात काय बदलावेसे वाटते? याच बैठकीत त्याला काम बदलून घेण्याची किंवा सन्मानाने थांबण्याची मोकळीक द्यावी. शिकवणे जमत नाही असे सांगताना ज्याचा चेहरा उतरला होता, असा एक तरुण आमच्याकडे साहित्याची व्यवस्था पाहू लागला आणि तेव्हापासून निळी पेटी एकदाही अपुरी निघालेली नाही.

चावीचेही सांगून टाकते. गुरुजींच्या प्रसंगानंतर आम्ही खोलीच्या तीन चाव्या करून घेतल्या : एक समाजमंदिरासमोरच्या किराणा दुकानात, एक जोडीदाराकडे, एक शिकवणाऱ्याकडे. वर्ग होणार नसेल तर दुपारी ४ च्या आत प्रत्येकाला फोन जाईल, असा नियम केला. पुढच्या हंगामापूर्वी मी तिसरी चावी आणि कामाची चिठ्ठी घेऊन गुरुजींच्या घरी गेले, चुकीबद्दल क्षमा मागितली. त्यांनी चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली, मंगळवार खोडून सोमवार केला आणि चावी खिशात टाकली. स्वयंसेवकाचा वेळ वाया जाणे ही संस्थेची चूक असते आणि ती तोंडाने कबूल करावी लागते, हे मी तेव्हा शिकले.

चौथी पायरी : माणूस कशासाठी आला आहे ते ओळखा

स्वयंसेवा करणाऱ्यांच्या प्रेरणांचा अभ्यास करून ई. गिल क्लेरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सहा प्रकार मांडले : आपल्या मूल्यांना कृतीत आणणे, नवे काही शिकणे व समजून घेणे, आपल्या माणसांच्या सोबतीने काहीतरी करणे, नोकरी-व्यवसायाला उपयोग होणे, स्वतःच्या दुःखातून किंवा अपराधी भावनेतून बाहेर पडणे, आणि स्वतःविषयी बरे वाटणे. एकाच कामावर आलेल्या दोन माणसांच्या प्रेरणा पूर्णपणे वेगळ्या असू शकतात, आणि प्रेरणेला जुळणारे काम मिळाले तर माणूस समाधानी राहतो, हा त्यातला उपयोगाचा भाग.

याच स्नायडर यांनी ॲलन ओमोटो यांच्यासह अमेरिकेत एड्सच्या रुग्णांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की शिकणे, स्वतःची वाढ, स्वतःविषयी बरे वाटणे अशा स्वतःशी जोडलेल्या प्रेरणा ज्यांच्या होत्या ते अधिक काळ टिकले. सर्वच अभ्यासांत हेच चित्र निघालेले नाही, पण एक गोष्ट मला त्यातून फार मोलाची वाटते : 'याला प्रमाणपत्र हवे आहे' किंवा 'ही घरात मन रमत नाही म्हणून येते' असे म्हणून कोणाची प्रेरणा कमी लेखू नये.

पहिल्या महिन्याच्या गप्पांतून ही प्रेरणा कळते, तिचा फॉर्म भरून घेण्याची गरज नाही. डी.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या मुलीला शिकवण्याचा सराव हवा असतो; तिला वर्गातील साहित्य स्वतः तयार करू द्यावे आणि तिच्या तासाला अनुभवी शिक्षकाने बसून दोन गोष्टी सांगाव्यात. नुकताच जोडीदार गमावलेल्या काकांना माणसांत बसायचे असते. त्यांना घरी बसून करायचे हिशेबाचे काम दिले तर ते जातील. पुण्यात नोकरी करणारा आणि शनिवार-रविवारी गावी येणारा तरुण संध्याकाळच्या वर्गाला येऊच शकत नाही. त्याच्यासाठी महिन्यातून एकदा मुलांची वजन-उंची नोंदवण्याचे किंवा वाचनपेटी भरून देण्याचे काम वेगळे काढावे लागते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबद्दल थोडे वेगळे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. तास पूर्ण झाले की मुले जातात, अशी तक्रार कार्यकर्ते करतात. तास भरत आले की आपणच त्यांच्याशी बोलत नाही, असे मला वाटते. शेवटचे पंधरा-वीस तास राहिले असताना विद्यार्थ्याला बोलावून, पुढे तो कनिष्ठ मुलांचा जोडीदार होईल का, असे विचारावे. विचारल्यावर सगळे थांबत नाहीत, पण न विचारल्यावर कोणीच थांबत नाही.

पाचवी पायरी : अनुपस्थिती त्याच दिवशी दिसली पाहिजे

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर आपल्या जिल्ह्यात येते, लोणंदला विसावते, चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते आणि तरडगाव-फलटणच्या वाटेने पुढे जाते. रस्त्याकडेला उभे राहून पाहणाऱ्याला तो अफाट जनसमुदाय वाटतो, पण आत चालणाऱ्याला तो तसा नसतो. रथापुढच्या आणि रथामागच्या प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, दिंडीत विणेकरी ठरलेला, टाळकऱ्यांच्या ओळी ठरलेल्या, भिशीचा, म्हणजे सामायिक जेवणखर्चाचा, हिशेब ठरलेला. मुक्कामावर ताटे मांडली की कोण मागे राहिले ते कळते आणि कोणीतरी त्याच्या शोधात मागे जाते. कोणतेही मानधन नसताना माणसे वर्षानुवर्षे त्याच दिंडीत परततात, त्यामागे भक्ती आहेच. पण ही मांडणीही आहे, आणि ती आपल्याला घेता येण्याजोगी आहे.

वीस-पंचवीस स्वयंसेवकांचा एकच मोठा गट ठेवू नये. पाच-सहा जणांच्या तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीत एकाने दुवा व्हावे. दुवा म्हणजे साहेब नव्हे; आपल्या चार-पाच जणांची खबर ठेवणे एवढेच त्याचे काम. वर्ग सुटल्यावर रात्री ८ पर्यंत त्याने वहीत हजेरी मांडावी. एकदा न आलेल्याला साधा निरोप, लागोपाठ दोनदा न आलेल्याला फोन, आणि तिसऱ्यांदा घरी भेट, हा क्रम आम्ही पाळतो. फोनवर बोलायची पद्धत फार महत्त्वाची आहे. "काय हो, आला नाहीत?" यात हिशेब मागितल्याचा सूर येतो. "दादा, काल मुलांनी तुमची वाट पाहिली. घरी सगळे ठीक आहे ना?" असे विचारले की माणूस मोकळा होतो. अनेकदा घरात आजारपण असते, आणि मग त्या तुकडीनेच दवाखान्यात डबा पोहोचवलेला असतो. असा डबा खाल्लेला माणूस सहसा सोडून जात नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपने हे काम होत नाही. "उद्या कोण कोण येणार?" असा प्रश्न चाळीस जणांना एकदम विचारला की प्रत्येकाला वाटते, दुसरा जाईल. ग्रुप सूचनांपुरता ठेवावा आणि विचारणा माणसाने माणसाला करावी.

सहावी पायरी : पैशाचा व्यवहार स्वच्छ ठेवा

थोडे मानधन दिले तर स्वयंसेवक टिकतील, असा सल्ला अनेकजण देतात. ब्रुनो फ्राय आणि लोरेन्झ गोएट्टे या अर्थतज्ज्ञांनी स्वित्झर्लंडमधील स्वयंसेवकांच्या माहितीचा अभ्यास १९९९ मध्ये मांडला. त्यात लहान रक्कम मिळणारे स्वयंसेवक पैसे न मिळणाऱ्यांपेक्षा कमी तास काम करताना दिसले. शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवले की कामाची तुलना रोजंदारीशी होऊ लागते, आणि त्या तुलनेत ते काम हलके ठरते, असा त्याचा अर्थ मी लावते.

मात्र मानधन आणि खर्चाची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसटीचे भाडे, पेट्रोल, झेरॉक्स, खडू हा खर्च स्वयंसेवकाच्या खिशातून जाऊ नये, विशेषतः विद्यार्थ्यांच्या. तो मागण्याची वेळ येऊ देऊ नये, कारण आपल्याकडे चांगली माणसे मागत नाहीत, येणे बंद करतात. दुव्याकडे थोडी रक्कम आगाऊ ठेवावी, पावती किंवा साधी सही घेऊन त्याच आठवड्यात भरपाई करावी, आणि ज्यांना नको आहे त्यांनी ती देणगी म्हणून परत द्यावी. सगळ्यांना एकच पद्धत लावली की कोणालाही आपली गरज उघडी पडल्यासारखे वाटत नाही.

सातवी पायरी : शाल-श्रीफळापेक्षा निर्णयात वाटा

वर्षाकाठी सत्कार जरूर करावा, पण त्यावर विसंबू नये. व्यासपीठावर पाहुणे बसतात आणि सतरंज्या घालणारे स्वयंसेवक मागे उभे असतात, हे चित्र मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचा मला आता त्रास होतो. ज्याला कामाची बारकाईने माहिती आहे त्याचे म्हणणे ऐकले जाणे, हा त्याचा खरा मान आहे.

आमच्या वर्गात धाकट्या भावंडांना आणायचे नाही असा नियम होता, कारण ती रडत आणि वर्ग विस्कटत असे. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने मासिक बैठकीत सांगितले की नऊ-दहा वर्षांच्या मुली येत नाहीत याचे कारण हाच नियम आहे. आई फडावरून अंधार पडल्यावर येते आणि तोवर कडेवरचे मूल त्यांनाच सांभाळायचे असते. तिने खोलीच्या कोपऱ्यात एक सतरंजी, काही डबे-चमचे आणि रंगीत चिंध्यांचे चेंडू मांडावेत असे सुचवले आणि पहिला आठवडा ती स्वतः तिथे बसली. दुसऱ्या आठवड्यात मुली येऊ लागल्या, एकीच्या मांडीवर भाऊ झोपलेला आणि हातात पाटी. ती नर्सिंगची मुलगी पुढे तीन हंगाम येत राहिली.

म्हणून महिन्यातून एकदा, तासाभरापेक्षा जास्त नाही, अशी बैठक घ्यावी. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाने एक पाहिलेली गोष्ट आणि एक अडचण सांगावी. उरलेल्या वेळात किमान एक निर्णय तिथेच व्हावा आणि तो कोणाच्या सूचनेवरून झाला ते वहीत लिहावे. एखादी सूचना मान्य करता येत नसेल तर कारण सांगावे. सूचना ऐकून घेऊन गप्प बसणे हे नकारापेक्षा वाईट असते.

आठवी पायरी : सुरक्षितता

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू होतो, हे पुष्कळ संस्थांना ठाऊक नसते. दहा किंवा अधिक जण काम करीत असतील तर संस्थेने अंतर्गत समिती नेमायची असते. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. ही माहिती कामाच्या चिठ्ठीच्या मागे छापावी. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या वाटेने अंधारात एकटीने परतावे लागेल असे कोणतेही काम आखू नये, आणि कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटे असू नये. मुलीच्या घरच्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून जागा, वेळ आणि परतीची सोय सांगितली की घरून होणारा विरोध बराच कमी होतो.

नववी पायरी : आपत्तीत आलेली माणसे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या दिवसांत कोठून कोठून माणसे मदतीला धावली, आणि पाणी ओसरल्यावर, घराघरातला चिखल काढण्याचे आणि भिजलेली दप्तरे वाळवण्याचे लांबलचक काम उरले तेव्हा ती बरीचशी परतलेली होती. यात त्यांचा दोष नाही. संकटाला धावून जाणे आणि रोजच्या कामाला येणे ही वेगळी कामे आहेत आणि त्यांना वेगळी माणसे लागतात.

अशा वेळी मदतकार्य चालू असतानाच प्रत्येकाचे नाव, फोन आणि त्याने केलेले काम कोणीतरी एकाने नोंदवावे. पाणी ओसरल्यापासून दहा दिवसांच्या आत फोन करून त्यांनी ज्या गल्लीत काम केले तिचे पुढे काय झाले ते सांगावे, आणि मग एकच लहान, मुदतीचे काम समोर ठेवावे : एका कुटुंबाच्या कागदपत्रांसाठी तीन फेऱ्या, एका शाळेच्या ग्रंथालयासाठी दोन रविवार. जे नाही म्हणतील त्यांची नावे पुढच्या पुरासाठी जपून ठेवावीत. पुराच्या दिवसांत सलग राबलेल्या आपल्या जुन्या स्वयंसेवकांना मात्र सक्तीने पंधरा दिवस सुट्टी द्यावी. ती मागायला त्यांना लाज वाटते.

दहावी पायरी : सुट्टी, निरोप आणि परतीची वाट

परीक्षा, बाळंतपण, घरातले लग्न, सुगी ही येणारच. म्हणून 'रजेवर' असा एक रकाना वहीत कायमचा असावा आणि त्यात परतीची अंदाजे तारीख लिहावी. रजेवरच्या माणसाला महिन्यातून एकदा वर्गातली एखादी बातमी कळवावी, पण काम सांगू नये.

कोणी कायमचे थांबत असेल तर त्याच्याशी अर्धा तास बसावे, त्याने काय केले ते त्याच्यासमोर वहीतून वाचून दाखवावे आणि त्याच्या जागी येणाऱ्याची त्याच्याकडूनच ओळख करून घ्यावी. मुलांना त्याच्या जाण्याचे आधी सांगावे. कोप्यांतल्या मुलांनी माणसे अचानक नाहीशी होताना पुष्कळ पाहिली आहेत, त्यात आपण भर घालू नये.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की दोन-तीन दिवसांत तळ मोकळा होतो आणि वर्गही संपतो. त्या आठवड्यात आम्ही तीन कामे करतो. मुलांनी हंगामभरात लिहिलेल्या पाट्यांचे फोटो ज्याच्या त्याच्या शिक्षकाला देतो, तिन्ही चाव्या परत घेऊन कपाटात ठेवतो, आणि प्रत्येकाला पुढच्या हंगामाबद्दल 'येणार', 'नाही' किंवा 'जूनमध्ये विचारा' यांपैकी एक उत्तर वहीत स्वतःच्या हाताने लिहायला सांगतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, ती वही उघडून तिसऱ्या उत्तरापासून फोन करायला सुरुवात करावी.